वरळी कोळीवाड्यातील घराचे मोल : गाव, शहर की झोपडपट्टी?

१/ वरळीच्या टोकावर इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधलेला छोटा किल्ला आहे. त्याला लागून कोळीवाडा, गोल्फादेवीचे देऊळ आणि होड्यांनी भरलेले क्लीव्हलँड बंदर. पाठीमागे काचेचे उंच मनोरे. महानगराने वेढलेल्या या गावातील एका घराची किंमत किती? साडेतीनशे वर्षांत या भागातील जमीन आणि घरे अनेक पद्धतींनी मोजली गेली. त्या मोजमापांचा हा इतिहास.

२/ पहिला हिशेब सामूहिक होता. १६७२ मध्ये गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर यांनी मुंबई-माहीमच्या जमीनधारकांशी करार केला. जमिनीवरील कंपनीच्या दाव्यांच्या बदल्यात सर्वांनी मिळून दरसाल २०,००० शेराफिन भरावेत, असे ठरले. शेराफिन म्हणजे पोर्तुगीज अमदानीतले चलन. एकेका घराचे मोल करण्याची गरज तेव्हा कंपनीला वाटली नव्हती.

३/ वरळी तेव्हा स्वतंत्र बेट होते. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरे आणि बेटांमधला सखल प्रदेश बुडवी. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात हे खिंडार बुजवण्यासाठी बांध घातला गेला आणि १७८४ च्या सुमारास तो पूर्ण झाला. हाच हॉर्नबी वेलार्ड, म्हणजे आजचा लाला लजपतराय मार्ग.

४/ बांधामुळे खाजणाची जमीन झाली आणि जमिनीला भाव आला. ती लागवडीला आणण्यासाठी लोकांना अल्प साऱ्यावर दिली गेली. त्या साऱ्याला ‘फोरास’ म्हणत. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ ‘बाहेर’, आणि ही जमीन कोटाबाहेरची होती. पुढे कब्जेदार आणि सरकार यांच्यात हक्कांचे वाद वाढले, तेव्हा १८५१ च्या फोरास कायद्याने त्यांचा निवाडा केला. फोरास रोड हे नाव त्याच जमिनींची आठवण आहे.

५/ घराला स्वतंत्र किंमत लावण्याची खरी वेळ आली ती सक्तीच्या भूसंपादनाने. १८९४ चा भूसंपादन कायदा आला, १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून रस्ते काढणे हे ट्रस्टचे काम. त्यासाठी घरमालकाला द्यायची रक्कम १८९४ च्या कायद्याच्या आधारे ठरे : बाजारभाव, आणि सक्ती केल्याबद्दल वर १५ टक्के दिलासा रक्कम. १९८४ मध्ये हे प्रमाण ३० टक्के झाले.

६/ त्या कायद्याचे २४ वे कलम मुद्दाम वाचण्यासारखे आहे. किंमत ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत, त्यांची ती यादी आहे. तीत एक गोष्ट अशी : जमीन सोडण्याची मालकाची अनिच्छा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच ओट्यावर जाळी विणणाऱ्या माणसाला ते घर का सोडवत नाही, हा प्रश्न हिशेबातून कायद्यानेच वगळला होता.

७/ मग बाजारभाव कसा काढायचा? मूल्यनिर्धारकांच्या तीन रूढ पद्धती आहेत. शेजारच्या तशाच घराचा अलीकडचा व्यवहार पाहणे, मिळू शकणाऱ्या भाड्यावरून भांडवली किंमत काढणे, किंवा जमिनीच्या भावात बांधकामाचा खर्च मिळवून त्यातून घसारा वजा करणे.

८/ कोळीवाड्यात तिन्ही अडखळतात. घर वारशाने पुढे जाते, म्हणून तुलनेला व्यवहार सापडत नाही. मालक स्वतःच राहतो, म्हणून भाडे नाही. बांधकाम जुने, म्हणून घसारा काढल्यावर हाती फारसे उरत नाही. शेवटी उरते ती जमीन, आणि तिचा भाव आजूबाजूच्या मनोऱ्यांनी वाढवलेला. घराला मोल नाही आणि त्याच्याखालची जागा मात्र अनमोल, असा विचित्र निष्कर्ष कागदावर येतो.

९/ महापालिकेच्या करपद्धतीतही हेच वळण दिसते. १८८८ च्या कायद्यानुसार घराचे अपेक्षित वार्षिक भाडे धरून, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य ठरे. १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत लागू झाली. तिचा आधार म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा रेडी रेकनर. भाड्याचा विचार घराच्या वापराकडे तरी पाहत होता. आता विभागाचा जमीनदर पुढे आला.

१०/ आता कळीचा मुद्दा : हे गाव की शहर? किनारा नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेने मुंबईतील कोळीवाडे आखून ते सीआरझेड-३ मध्ये, म्हणजे प्रामुख्याने ग्रामीण किनाऱ्याच्या वर्गात धरायला सांगितले. स्थानिक नियमांनुसार तिथली घरे पुन्हा बांधता यावीत, यासाठी ही सवलत होती. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या भूसंपादन कायद्यात ग्रामीण भागासाठी बाजारभावाला दोनपर्यंत गुणक आहे, शहरासाठी मात्र एकच. महापालिका हद्दीतला कोळीवाडा इथे शहरातच मोडतो. एकच घर एका कागदावर गावात आणि दुसऱ्यावर शहरात.

११/ तिसरा रकाना झोपडपट्टीचा. १९९५ च्या पुनर्वसन योजनेत पात्र कुटुंबाला ठरावीक आकाराचे घर मिळते : आधी २२५, मग २६९ आणि पुढे ३०० चौरस फूट. इथे मूल्यनिर्धारणच संपते. ओटी-माजघराचे मोठे घर असो वा एक खोली, मोजमाप तेच. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी इतकी तीव्र का, याचे उत्तर इथे आहे. सीमा आखली गेली नाही, तर गावठाणाला झोपडपट्टी ठरवणे सोपे जाते.

१२/ आणि समुद्र? २०१३ च्या कायद्याने भूसंपादनामुळे उपजीविका गमावणाऱ्या मच्छीमारांनाही बाधित कुटुंबांत धरले. पण पुलाचा खांब समुद्रात उभा राहतो, तेव्हा कोळ्याच्या नावावरची कोणती जमीन संपादित होते? किनारी रस्त्याच्या कामात वरळीच्या मच्छीमारांनी होड्यांच्या वाटेवर खांबांमध्ये २०० मीटर अंतर मागितले. आराखड्यात ६० मीटर होते. आंदोलनानंतर, २०२२ च्या अखेरीस, एक खांब वगळून ते १२० मीटर करण्याचे जाहीर झाले. वरळीच्या घरांचे मोल ठरवणारा हा निर्णय कोणत्याही रेडी रेकनरमध्ये सापडणार नाही.

१३/ कोळ्याचे घर चार भिंतींत संपत नाही. मासळी सुकवायची मोकळी जागा, होडी ओढायचा उतार, बंदर आणि भर समुद्रात जाण्याची वाट मिळून ते घर होते. यांतील बरेच सामाईक आहे आणि कोणाच्याच नावावर नाही, म्हणून कुठल्याच तक्त्यात येत नाही. पुनर्विकासाचा पुढचा प्रस्ताव येईल, तेव्हा आकड्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : हे घर कोणत्या रकान्यात धरले आहे, आणि बंदर हिशेबात आहे का?