सुरांचा परवाना : रेडिओच्या पुस्तिकेपासून ॲपच्या दुकानापर्यंत

मुळा आणि पवना या नद्यांलगतच्या सांगवीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यात प्रमाणपत्राचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नव्या वाहनाचा नमुना केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार अधिकृत चाचणी संस्थेकडे तपासून घ्यावा लागतो आणि १९६६ साली स्थापन झालेली पुण्याची एआरएआय व भोसरीची सीआयआरटी या अशाच संस्था आहेत. तपासणी कोणी करायची आणि कोणत्या मानकाने करायची, हे येथे कायद्याने ठरवलेले असते. खिशात मावणाऱ्या संगीतयंत्रांचा इतिहास मात्र वेगळ्या वळणाने गेला असून त्यांच्या बाबतीत परवान्याचा अधिकार हळूहळू सरकारी कार्यालयाकडून एका खाजगी कंपनीकडे सरकला.

या इतिहासाची सुरुवात रेडिओपासून करावी लागते. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोत्याला वर्षाला दहा रुपये परवाना शुल्क भरावे लागे आणि त्यातला मोठा हिस्सा कंपनीला मिळे. परंतु परवाना न घेता ऐकणारेच इतके होते की, १९३० साली कंपनी बुडाली. त्यानंतर भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ अन्वये परवान्याविना बिनतारी संच नुसता बाळगणे हाही गुन्हा ठरला. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र आणि १९५७ साली विविध भारती सुरू झाली, पुढे ट्रान्झिस्टर घरोघरी पोहोचला, तरी ही व्यवस्था तशीच राहिली. परवाना म्हणजे टपाल कार्यालयातून मिळणारी एक छोटी पुस्तिका असे. तीत मालकाचे नाव, संचाची कंपनी व नमुना यांची नोंद असे, दरवर्षी शुल्क भरून तिकीट चिकटवले जाई आणि त्यावर टपालाचा तारखेचा शिक्का बसे. नुसत्या कॅसेट प्लेअरला परवाना लागत नसे, कारण तो हवेतून काहीच ग्रहण करत नाही; त्याच यंत्रात रेडिओ असला, म्हणजे ते ‘टू-इन-वन’ असले, की मात्र पुस्तिका आवश्यक होई. हा भेद विचित्र वाटला तरी कायद्याच्या तर्काला धरून होता.

१९८० च्या दशकात हे शुल्क रद्द झाले, पण त्यामुळे नियंत्रण संपले असे म्हणता येत नाही, कारण त्याचा रोख ऐकणाऱ्याकडून विकणाऱ्याकडे वळला. ब्लूटूथ किंवा वाय-फाय असलेल्या यंत्राला आज दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या शाखेची ‘ईटीए’, म्हणजे यंत्र ठरलेल्या लहरींच्या मर्यादेत चालते याची मान्यता, लागते. ती मिळवणे हे उत्पादक किंवा आयातदाराचे काम असून ग्राहकाला तिची वार्ताही नसते.

खरा पेच यानंतरचा आहे. २००८ साली ॲपलचे ॲप स्टोअर आणि गुगलचे अँड्रॉइड मार्केट, म्हणजे पुढचे प्ले स्टोअर, सुरू झाल्यावर संगीतयंत्राची उपयुक्तता त्यात कोणती ॲप्स बसतात यावर ठरू लागली. आयपॉड टचला अडचण आली नाही, कारण यंत्र आणि दुकान एकाच मालकाचे होते. अँड्रॉइड प्रणाली मात्र कोणीही फुकट वापरू शकत असला, तरी गुगलचे दुकान त्यासोबत आपोआप मिळत नव्हते. त्यासाठी ‘सुसंगतता व्याख्या’ या दस्तऐवजातील अटी पाळून ठरावीक स्वयंचलित चाचण्या उत्तीर्ण व्हाव्या लागत आणि वर गुगलशी करार करावा लागे. सुरुवातीच्या आवृत्त्यांतील अटी मोबाइल फोन डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या असल्याने त्यांत दूरध्वनी सेवा आणि कॅमेरा अनिवार्य होता. गाणी ऐकवण्यासाठी बनवलेल्या यंत्राकडून फोन लावण्याची अपेक्षा धरणारी ही कसोटी दर्जाची म्हणता येणार नाही. फ्रान्सच्या आर्कोस कंपनीला म्हणूनच आपल्या यंत्रांसाठी ‘ॲप्सलिब’ हे वेगळे दुकान चालवावे लागले. २०१० च्या २.२ आवृत्तीत दूरध्वनीची सक्ती गेली आणि त्यानंतर सॅमसंगचा गॅलेक्सी प्लेअर, सोनीचा वॉकमन झेड असे फोनविरहित संच मार्केटसह विकले गेले. लहान कंपन्यांची अडचण तरीही सुटली नाही. २०१८ सालच्या फिओ एम९ या उत्तम ध्वनीच्या संचात प्ले स्टोअर नव्हते आणि कंपनीने निवडलेली मोजकीच ॲप्स त्यात बसवता येत.

त्याच वर्षी, मार्च महिन्याच्या सुमारास, गुगलने अप्रमाणित यंत्रांवर अधिक कडक धोरण लागू केले. अशा यंत्रावर गुगल खात्यात प्रवेश करू पाहणाऱ्याला हे यंत्र प्रमाणित नाही, अशी सूचना पडद्यावर दिसू लागली; स्वतःहून प्रणाली बदलणाऱ्यांसाठी यंत्राचा ओळख क्रमांक शोधून तो गुगलच्या पानावर नोंदवण्याची सोय ठेवण्यात आली. अर्धशतक टपाल कार्यालयाच्या खिडकीवर संचाची नोंद करणारा श्रोता अशा रीतीने पुन्हा नोंदणीला उभा राहिला, मात्र या नोंदणीमागे संसदेने केलेला कोणताही कायदा नव्हता.

प्ले स्टोअरसाठी उत्पादकांना गुगलशी कराव्या लागणाऱ्या करारांची कायदेशीर छाननी भारतात झाली ती स्पर्धा आयोगाकडून. २० ऑक्टोबर २०२२ रोजी आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला; प्ले स्टोअर हवे असल्यास गुगलची सगळी ॲप्स आधीच बसवलेली असण्याची सक्ती हा वर्चस्वाचा गैरवापर आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतातील उत्पादकांना स्वतंत्र ॲप्सचा परवाना घेण्याची मुभा जाहीर केली. २९ मार्च २०२३ रोजी राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण आयोगाचे चार निर्देश रद्द केले आणि त्यांत दुसऱ्यांची ॲप-दुकाने प्ले स्टोअरमधून उपलब्ध करून देण्याचा निर्देशही होता. या साऱ्या प्रकरणाचा मुख्य विषय स्मार्टफोन असल्यामुळे केवळ संगीतासाठी यंत्र बनवणाऱ्या छोट्या उत्पादकाच्या पदरात त्यातून फारसे काही पडले नाही.