वडगाव कोर्टाचा न्यायाधीश कोण निवडतं? परीक्षा आणि मतपेटी, दोन्ही बाजू समजून घेऊ या

मावळात कुणी "उद्या वडगावला तारीख आहे" म्हणालं की पुढचं सांगावं लागत नाही. चेक न वटल्याचा खटला, भाडेकरूचा वाद, जमिनीच्या वाटणीचं भांडण, बायकोच्या पोटगीचा अर्ज. लोणावळा असो, कामशेत असो की पवन मावळातलं एखादं गाव, तालुक्यातल्या माणसाला कोर्ट म्हटलं की बहुतेक वेळा वडगाव मावळच आठवतं.

आता एक प्रश्न. सरपंच आपण निवडतो, नगरसेवक आपण निवडतो, आमदार आणि खासदारही आपणच निवडतो. मग ज्याच्या एका सहीवर माणूस संध्याकाळी घरी येतो किंवा येरवड्याला जातो, तो न्यायाधीश आपण का निवडत नाही? प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर आपल्या समाजाने नीट समजून घ्यायला हवं. म्हणून ही माहिती एकत्र देत आहोत.

आधी कोण न्यायाधीश आणि कोण नाही

आपल्याकडे बरेच जण इथेच गोंधळतात.

तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. शांतता राखण्यासाठी बाँड लिहून घेणं, म्हणजे लोक ज्याला 'चॅप्टर केस' म्हणतात, असली प्रतिबंधक कामं कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे चालतात. पण चोरी, मारहाण, फसवणूक यांचा खटला चालवून शिक्षा देणं त्यांचं काम नाही. ही विभागणी मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने केली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती देशभर आणली. राज्यघटनेचं कलम ५० हेच सांगतं की न्याययंत्रणा सरकारी कारभारापासून वेगळी ठेवावी.

विशेष कार्यकारी अधिकारी, म्हणजे ज्यांचा शिक्का दाखल्यांच्या प्रतींवर लागतो, तेही न्यायाधीश नव्हेत. साक्षांकन हे त्यांचं मुख्य काम. ही पदं बहुतेक वेळा राजकीय कार्यकर्त्यांना मिळतात, हे आपण बघतोच.

गावचे तंटामुक्ती अध्यक्ष ग्रामसभेतून ठरतात. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. समिती समजूत घालते, तडजोड घडवते. शिक्षा देण्याचा अधिकार तिला नाही.

आणि काझीसाहेब. १८८० च्या काझी कायद्यानुसार एखाद्या भागातल्या बऱ्याच मुस्लिमांची मागणी असेल, तर तिथल्या प्रमुख मुस्लिमांशी सल्लामसलत करून सरकार काझी नेमू शकतं. पण त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की या नेमणुकीने काझीला न्यायदानाचा किंवा प्रशासनाचा कोणताही अधिकार मिळत नाही. निकाह लावणं, नोंद ठेवणं, सल्ला देणं ही कामं काझींची. सक्तीचा हुकूम मात्र कोर्टाचाच.

म्हणजे खरा न्यायाधीश एकच: दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी. हे एकाच पदाचं जोडनाव आहे. सकाळी जमिनीचा दावा ऐकणारे साहेब दुपारी जामिनाचा अर्जही ऐकतात.

मग हे साहेब येतात कुठून?

राज्यघटनेच्या कलम २३४ नुसार या नेमणुका राज्यपाल करतात, पण लोकसेवा आयोग आणि उच्च न्यायालय यांच्याशी विचारविनिमय करून. महाराष्ट्रात प्रत्यक्ष निवड एमपीएससीच्या परीक्षेतून होत आली आहे. आधी १०० गुणांची पूर्वपरीक्षा, मग २०० गुणांची मुख्य परीक्षा आणि शेवटी ५० गुणांची मुलाखत. पूर्वपरीक्षा ही नुसती चाळणी असते, तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. न्यायिक सेवेच्या मुलाखतीत उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तज्ज्ञ म्हणून असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलेलं आहे. निवड झाली की प्रशिक्षण घ्यावं लागतं. राज्याची न्यायिक अकादमी भाईंदरजवळ उत्तनला आहे.

२० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा बदल केला. या परीक्षेला बसण्यासाठी किमान ३ वर्षं वकिलीचा अनुभव पुन्हा बंधनकारक केला. २००२ पासून ही अट नव्हती, त्यामुळे पदवी हातात पडताच मुलं थेट परीक्षेला बसत. ३ वर्षं मोजताना वकील म्हणून तात्पुरती नोंदणी झाली त्या दिवसापासून मोजायची. न्यायमूर्तींकडे विधी लिपिक म्हणून केलेलं कामही धरलं जातं. नेमणुकीनंतर प्रत्यक्ष खटले चालवण्याआधी वर्षभराचं प्रशिक्षणही सक्तीचं झालं.

वरची पायरी जिल्हा न्यायाधीशांची. कलम २३३ नुसार ७ वर्षं वकिली केलेली व्यक्ती उच्च न्यायालयाच्या शिफारशीवरून थेट जिल्हा न्यायाधीश होऊ शकते. बाकीचे खालून बढतीने येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम २३५. नेमणुकीनंतर न्यायाधीशाची बदली, बढती, रजा, शिस्त हे सगळं उच्च न्यायालयाच्या ताब्यात असतं. एखाद्या आमदाराला निकाल आवडला नाही, म्हणून तो न्यायाधीशाची बदली करवू शकत नाही. तहसीलदार किंवा फौजदार यांच्याबाबत मावळातला कुणी माणूस हे इतक्या खात्रीने म्हणेल का?

निवडणुकीचा प्रयोग आपल्याकडेही झाला

न्याय करणारी माणसं निवडून देण्याची कल्पना परदेशातूनच ऐकायला हवी असं नाही. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायतींची तरतूद होती. काही गावांचा गट करायचा, ग्रामपंचायतींनी आपापले सदस्य निवडून द्यायचे आणि त्यांनी किरकोळ दिवाणी-फौजदारी वाद मिटवायचे, अशी ती पद्धत.

हेतू चांगला होता. न्याय दारात, वकिलाचा खर्च नाही, भाषा आपली. पण गावात गट असतात. भावकी असते. ज्याने पॅनल निवडून आणलं, त्याच्याविरुद्ध निकाल द्यायचा म्हणजे पुढच्या निवडणुकीत पडायची तयारी ठेवायची. १९७० च्या दशकात महाराष्ट्राने ही तरतूद कायद्यातून काढून टाकली.

नंतर केंद्राने ग्राम न्यायालय कायदा केला. २ ऑक्टोबर २००९ पासून तो लागू आहे. त्यात न्याय गावाजवळ न्यायचाच विचार आहे, पण न्यायाधिकारी निवडून द्यायचा नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी होण्याची पात्रता असलेलीच व्यक्ती उच्च न्यायालयाच्या सल्ल्याने नेमायची. म्हणजे न्यायाची जागा गावात आली तरी न्यायाधीश पात्रता पाहूनच घ्यायचा, असं शेवटी ठरलं.

बाहेर काय चालतं?

अमेरिकेत अनेक राज्यांत न्यायाधीश मतदानाने निवडले जातात. टेक्सासमध्ये तर उमेदवाराच्या नावापुढे पक्षही लिहिलेला असतो. मिसुरी राज्याने १९४० मध्ये वेगळी वाट काढली. एक आयोग अर्जांची छाननी करून ३ नावं देतो, राज्यपाल त्यातून एक निवडतो, आणि काही काळाने "यांना ठेवायचं का?" एवढंच मतदारांना विचारलं जातं. पण हे वरच्या कोर्टांत आणि मोठ्या शहरांत. त्याच मिसुरीच्या ग्रामीण भागात बहुतेक स्थानिक न्यायाधीश आजही पक्षाच्या तिकिटावरच निवडून येतात.

या पद्धतीचा धोका कुठे असतो, ते वेस्ट व्हर्जिनियातल्या एका प्रकरणात दिसलं. तिथल्या एका कोळसा कंपनीला ज्यूरीने ५ कोटी डॉलरची भरपाई द्यायला लावली. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जायचं होतं. त्याआधी, २००४ मध्ये, त्या न्यायालयाच्या एका जागेची निवडणूक लागली. कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवाराला निवडून आणण्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. तो उमेदवार जिंकला, त्याच अपिलात बसला, आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या न्यायाधीशाने प्रकरणातून बाजूला व्हायला हवं होतं. तोही निर्णय ५ विरुद्ध ४ असा!

मेक्सिकोने १ जून २०२५ ला न्यायाधीशांची देशव्यापी निवडणूक घेतली. मतदान झालं जेमतेम १३ टक्के. शेकडो अनोळखी नावं, कोण कसा हे लोकांना ठाऊक नाही. पक्षांना उमेदवार उभे करायला बंदी होती, तरी कुणाला मत द्यायचं याच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्याच.

मतदानाच्या बाजूचं म्हणणंही ऐकायला हवं. न्यायाधीश लोकांना उत्तरदायी असावा, बंद खोलीत निवड होऊ नये, कोर्टात समाजाचं प्रतिबिंब दिसावं, असं ते लोक म्हणतात. या मागण्यांत चूक काही नाही. फक्त त्यांवर मतपेटी हा इलाज आहे का, हा खरा प्रश्न आहे.

आपल्यासाठी यात काय आहे?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम सुमारे साडेअकरा टक्के आहेत. मतांच्या हिशोबात निवडून आलेला न्यायाधीश बहुसंख्येकडे बघणार, हे उघड आहे. निवडणूक महिन्यावर आली आहे, गावात तणाव आहे, आणि समोर नको त्या आडनावाच्या पोराचा जामीन अर्ज आहे. अशा वेळी न्यायाधीशाच्या डोळ्यापुढे कायद्याचं पुस्तक असावं की मतदारयादी?

आणि विषय नुसता फौजदारीचा नाही. २०१९ च्या तिहेरी तलाकविषयीच्या कायद्यात जामिनाआधी त्या महिलेचं म्हणणं ऐकणं, तिचा आणि मुलांचा निर्वाहभत्ता ठरवणं, अज्ञान मुलांचा ताबा देणं, हे सगळं दंडाधिकाऱ्याकडे आहे. घटस्फोटित मुस्लिम महिलाही दंडाधिकाऱ्याकडे पोटगी मागू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ ला पुन्हा स्पष्ट केलं. आपल्या घरातली लेक ज्या साहेबांपुढे उभी राहते, त्यांच्यावर कोणत्याही पक्षाचं किंवा जमातीतल्या कोणा वजनदार माणसाचं ओझं नसणं, यातच तिचा फायदा आहे.

मुंबई उच्च न्यायालयात १८९७ मध्ये हे घडलेलं आहे. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. त्यांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तो मंजूर केला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. तय्यबजी काँग्रेसचे माजी अध्यक्ष, मुस्लिम समाजाचे नेते, आणि राजकारणात टिळकांहून वेगळ्या वाटेचे. सरकारची मर्जी राखायची असती तर नाही म्हणणं सोपं होतं.

त्याहून मागे गेलं तर रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनात खुद्द रघुनाथरावांना दोषी धरणारे न्यायाधीश. त्याच रघुनाथरावांना गादीवर बसवायला निघालेली इंग्रज फौज जानेवारी १७७९ मध्ये बोरघाट चढून आली आणि वडगावला तिला शरण यावं लागलं. आज आपण तारखेला जातो, तेच हे वडगाव.

परीक्षा झाली म्हणजे सगळं झालं का?

नाही. परीक्षेतून आलेला न्यायाधीशही माणूसच असतो, त्याचेही ग्रह असू शकतात. म्हणून निकाल कारणांसह लेखी द्यावा लागतो, त्यावर अपील करता येतं, आणि वर्तनाविषयी गंभीर तक्रार असेल तर ती उच्च न्यायालयाकडे करता येते. जागा वेळेत भरल्या जात नाहीत, हे दुसरं दुखणं. मलिक मझहर सुलतान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये भरतीचं वेळापत्रकच ठरवून दिलं. तरी तारीख पे तारीख संपलेली नाही.

आणि तिसरी उणीव आपली स्वतःची आहे. परीक्षेचा दरवाजा उघडा असतो, पण आत जायला आधी अर्ज भरावा लागतो. आमच्या पोरांनी इंजिनिअर व्हावं, दुकान सांभाळावं, आखाती देशात जावं, असं घरोघर ठरतं. वकिली करून न्यायाधीश व्हावं, असं किती घरांत ठरतं? मुलींच्या बाबतीत तर विचारायलाच नको.

तेव्हा घरात कायद्याचं शिक्षण घेणारा मुलगा किंवा मुलगी असेल तर एवढं करा. पदवी झाली की लगेच वकील म्हणून नोंदणी करा, कारण ३ वर्षं तिथूनच मोजली जातात. वडगाव किंवा शिवाजीनगर कोर्टात एखाद्या ज्येष्ठ वकिलांकडे नियमित काम करा. अनुभवाचा दाखला लागतो, तो किमान १० वर्षं वकिली केलेल्यांकडून घ्यावा लागतो आणि न्यायिक अधिकाऱ्याने प्रमाणित करावा लागतो. आपली जात राज्याच्या ओबीसी किंवा विमुक्त जातींच्या यादीत असेल, तर जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअरचे कागद आताच काढून ठेवा. वयाची अट आणि इतर तपशील प्रत्येक जाहिरातीत नीट वाचा.

कोर्टाच्या त्या खुर्चीसाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही, पॅनल उभं करावं लागत नाही, की मोहल्ल्याची मतं मोजावी लागत नाहीत. अभ्यास मात्र करावा लागतो. आणि तो करणारं एखादं पोर लोणावळ्यातून निघालं, तर आम्हाला त्याची बातमी द्यायला मनापासून आवडेल.