निळ्या पट्टीचं नाव

वेबसाईट चालवायच्या वर्डप्रेस या प्रोग्रामवरची साईट कशी दिसावी हे ज्या फायलींच्या गठ्ठ्यावरून ठरतं त्याला थीम म्हणतात. या गठ्ठ्यात 'स्टाईल डॉट सीएसएस' ही फाईल असावीच लागते आणि पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहावं तसं तिच्या माथ्यावर थीमचं नाव लिहिलेलं असतं. ते लिहायची जागा मला फार आवडते. प्रोग्रामिंगमध्ये टिप्पणी नावाची एक सोय असते. ठरावीक खुणांच्या आत जे लिहाल ते माणसांनी वाचायचं, यंत्राने सोडून द्यायचं. ब्राउझर ते खरोखरच सोडून देतो. वर्डप्रेस मात्र नेमकी तीच टिप्पणी उघडून वाचतं आणि त्यात जे नाव सापडेल त्याच नावाने थीमला ओळखतं.

२००५ साली वर्डप्रेसबरोबर आपोआप येणाऱ्या थीमच्या त्या ओळीत लिहिलं होतं, 'वर्डप्रेस डीफॉल्ट'. म्हणजे दुसरं काही निवडलं नाही तर जे मिळतं ते. पण वापरणाऱ्यांच्या तोंडी हे नाव बसलं नाही. त्यांच्यासाठी ती 'कुब्रिक' होती. मी पहिल्यांदा मराठीत स्वतःची साईट उघडली तेव्हा तीच समोर आली. वर गोल कोपऱ्यांची निळी पट्टी, पट्टीत पांढऱ्या अक्षरांत साईटचं नाव, खाली पांढरं पान आणि उजवीकडे जुन्या लेखांची यादी. थीममध्ये सांगितलेल्या इंग्रजी टंकांत देवनागरी नव्हतीच, म्हणून संगणक आपल्याजवळचा 'मंगल' काढून माझं शीर्षक त्या निळाईवर उमटवायचा. पुढे कितीतरी मराठी साईटींवर तीच पट्टी भेटत राहिली आणि प्रत्येक वेळी ओळखीच्या आळीत आल्यासारखं वाटायचं. या पट्टीला एका सिनेदिग्दर्शकाचं नाव आहे हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळलं.

वर्डप्रेसचं स्वतःचं नावही कुणीतरी प्रेमाने दिलेलं आहे. त्याआधी 'बीटू' नावाचा एक प्रोग्राम होता, मिशेल वाल्द्रिगी याने लिहिलेला. त्याचं काम थांबलं, तेव्हा ह्यूस्टनचा मॅट मलनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी तो खुला कोड उचलून पुढे न्यायचं ठरवलं. २७ मे २००३ रोजी त्यांची पहिली आवृत्ती आली. मलनवेग तेव्हा १९ वर्षांचा होता. 'वर्डप्रेस' हे नाव सुचवलं त्याच्या मैत्रिणीने, क्रिस्टिन ट्रेमुले हिने. कोड एकाचा, तो पुढे नेणारे दोघे आणि बारसं करणारी चौथीच. ज्या कामाचे कुणी पैसे घेत नाही, त्यात कुणाचं किती देणं लागतो हे लिहायला नावाखेरीज जागा नसते.

मलनवेग सॅक्सोफोन वाजवायचा. त्यामुळे मोठ्या आवृत्त्यांना जॅझ वादक-गायकांची नावं द्यायची प्रथा पडली, ती आजवर चालू आहे. माइल्स डेव्हिसपासून सुरुवात झाली. मे २००४ मधली १.२ ही आवृत्ती चार्ल्स मिंगसच्या नावाची. एला फिट्झजेराल्ड, जॉन कोल्ट्रेन, थेलोनियस मंक हे सगळे पुढे येत गेले. 'हॅलो डॉली' नावाचा एक छोटा प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा प्रोग्रामही सोबत असतो. त्याचं काम एवढंच, की लुई आर्मस्ट्राँगने गाऊन गाजवलेल्या त्या गाण्याची एखादी ओळ पडद्याच्या कोपऱ्यात दाखवायची. उपयोग काही नाही, पण तो काढून टाकावा असं मला आजवर वाटलेलं नाही.

या यादीतलं मला सर्वांत जवळचं नाव १.५ या आवृत्तीचं आहे: स्ट्रेहॉर्न. १७ फेब्रुवारी २००५ ला ती आली. बिली स्ट्रेहॉर्न हा ड्यूक एलिंग्टनचा जवळजवळ तीस वर्षांचा साथीदार. त्याने चाली बांधायच्या, वाद्यमेळ रचायचा आणि मंचावर नाव ड्यूकचं गाजायचं. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाची ओळख बनलेली 'टेक द ए ट्रेन' ही रचना स्ट्रेहॉर्नची. तिचं नावही गमतीचं आहे. न्यूयॉर्कमध्ये घरी कसं यायचं हे एलिंग्टनने त्याला सांगितलं, त्यात भुयारी रेल्वेच्या ए मार्गाची गाडी पकडायची होती, तेच शीर्षक झालं. आपल्याकडेही गाण्याखाली संगीतकाराचं नाव येतं, संयोजकाचं येतंच असं नाही. वर्डप्रेसने मात्र आधी स्ट्रेहॉर्नचं नाव घेतलं. 'ड्यूक' ही २.० आवृत्ती त्यानंतर, त्याच वर्षीच्या डिसेंबरात आली.

थीम ही सोय या स्ट्रेहॉर्न आवृत्तीतच पहिल्यांदा आली. तोवर पान रचणारी एक मुख्य फाईल आणि रंगरूप सांगणारी दुसरी, असा सुटसुटीत मामला होता. रंग, अक्षरं, समास बदलता यायचे, पण पानाची बांधणीच बदलायची तर मूळ फायलींत हात घालावा लागे. १.५ पासून माथा, पाया, बाजूची पट्टी, एकेका लेखाचं पान अशा वेगळ्या फायली झाल्या आणि अख्खा गठ्ठा एका क्लिकवर बदलता येऊ लागला. गठ्ठे अनेक झाले की त्यांना हाक मारायला नावं लागणारच.

या आवृत्तीच्या पेटीत दोन थीम आल्या. जुन्या रूपाच्या थीमला 'क्लासिक' म्हटलं. ती डेव्ह शे याची होती. एकाच मजकुराला शेकडो रूपं देता येतात हे 'सीएसएस झेन गार्डन' या साईटवरून दाखवून देणारा तोच हा डेव्ह शे. दुसरी थीम मायकेल हायलमान या डॅनिश, सिनेमावेड्या डिझायनरची. त्याने २००४ मध्येच हे रूप घडवून लोकांना वापरायला दिलं होतं आणि त्याला स्टॅन्ली कुब्रिकचं नाव दिलं होतं. कुब्रिक जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. वर्डप्रेसने ही थीम मूळ थीम म्हणून घेतली आणि माथ्यावर 'डीफॉल्ट' लिहिलं. 'प्रसिद्ध कुब्रिकवर आधारलेली' एवढी नोंद खालच्या वर्णनात राहिली, हायलमानच्या नावासह. स्ट्रेहॉर्नच्या नावाच्या आवृत्तीत हे घडावं, याने मला दर वेळी चटका लागतो.

तरीही कुब्रिक हे नाव टिकलं. त्याचं श्रेय लोकांच्या जिभेइतकंच त्या काळच्या ब्राउझरांना आहे. गोल कोपरे आणि रंगाची उतरती छटा नुसत्या कोडमधून सगळ्या ब्राउझरांवर काढता येत नव्हती. मग हायलमानने ती पट्टी चित्र म्हणूनच बनवली, पानाच्या कडांची सावलीही चित्र म्हणून, तळाची पट्टीही चित्रच. या चित्रांच्या फायलींना त्याने नावं दिली ती 'कुब्रिकहेडर', 'कुब्रिकबीजी', 'कुब्रिकफूटर'. माथ्यावर काहीही लिहिलेलं असो, फोल्डर उघडला की आत कुब्रिकच कुब्रिक. पुढे थीमची भाषांतरं व्हावीत म्हणून कोडमधल्या वाक्यावाक्याला एक खूणशब्द जोडला गेला. हे वाक्य कोणत्या गठ्ठ्यातलं, हे त्यावरून कळतं. तो खूणशब्दही 'कुब्रिक'च. चौकटीतल्या रेषारेषेबद्दल आग्रही असणाऱ्या दिग्दर्शकाचं नाव असं ओळीओळीत जाऊन बसलं.

हायलमानने पुढची थीम केली तिचं नाव 'केटू', म्हणजे कुब्रिकनंतरचा दुसरा. ते काराकोरममधल्या शिखराचंही नाव आहे, त्यामुळे ऐकताच उंचीही आठवते. बाकीचेही याच वाटेने गेले. कुणी हेमिंग्वेच्या नावाची थीम केली, कुणी तार्किक आल्फ्रेड तार्स्कीच्या. आपल्याकडे वस्त्रांची नावं गावावरून पडली, पैठणी, इरकल, नारायणपेठ, नाहीतर दिसण्यावरून, जसा पैठणीच्या पदरावरचा बांगडीमोर. माणसाच्या नावाने लुगडं ओळखलं जाणं विरळा. या मंडळींना गाव असं नव्हतंच, कारण त्यांचं विणकाम जगभर विखुरलेलं. त्यांनी मग आपल्या आवडीच्या माणसांकडून नावं घेतली, नातवाला आजोबांचं नाव ठेवावं तशी.

जून २०१० मध्ये 'थेलोनियस' ही ३.० आवृत्ती आली आणि निळी पट्टी पेटीतून गेली. तिच्या जागी 'ट्वेंटी टेन' आली. आता दर वर्षी नवी मूळ थीम काढायची आणि तिला त्या वर्षाचंच नाव द्यायचं असं ठरलं. माथ्यावर निळ्याऐवजी छायाचित्र आलं, दुतर्फा झाडांमधून जाणाऱ्या वाटेचं. दिवाळी अंकावर वर्ष असतं तसं हे सोपं आणि सोयीचं होतं. थीम किती जुनी हे कुणाला विचारावं लागत नाही, कुणाचं नाव घ्यायचं यावर वादही नाही. या पंचांगात क्षयमासासारखं एक क्षयवर्षही आहे. लिहिण्याची नवी पद्धत बसवण्यात ५.० ही आवृत्ती लांबली, ती ६ डिसेंबर २०१८ ला आली आणि सोबतच्या थीमचं नाव 'ट्वेंटी नाइन्टीन' होतं. 'ट्वेंटी एटीन' नावाची मूळ थीम झालीच नाही.

सोय मला पटते. पण 'ट्वेंटी थर्टीन' आणि 'ट्वेंटी फोर्टीन' यांतली नारिंगी कोणती आणि काळ्या पट्टीची कोणती, हे मला आजही आठवून सांगावं लागतं. कुब्रिकबद्दल असं कधी झालं नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये 'ट्वेंटी ट्वेंटी' आली. ती मुळापासून नवी नव्हती. आंदेर्स नूरेन या स्वीडिश डिझायनरने आधी बनवलेल्या थीमवर ती उभी केली होती. नूरेनने वर्षानुवर्षं आपल्या थीम फुकट वाटल्या आणि त्यांची नावं ठेवली हेमिंग्वे, लव्हक्राफ्ट, हिचकॉक, फुकासावा अशी. लेखक, दिग्दर्शक, जपानी वस्तुकार, सगळे एका रांगेत. ज्या थीमची 'ट्वेंटी ट्वेंटी' झाली तिचं नाव होतं 'चॅप्लिन'. म्हणजे पुन्हा सिनेमाचाच माणूस, आणि या वेळी तो वर्षाच्या आकड्याआड उभा.

गेल्या महिन्यात जुन्या साईटची साठवून ठेवलेली प्रत उघडली. लेख बरेच कच्चे होते, ते वाचवेनात. थीमच्या फोल्डरमधल्या चित्रांत ती निळी पट्टी होती. माझं शीर्षक त्या चित्रात नाही, ते वरून लिहिलं जायचं. त्यामुळे पट्टी रिकामी दिसत होती, गोल कोपऱ्यांसकट, आणि फाईलच्या नावात 'कुब्रिक'.