रुमाल, टेट्रासायक्लिन आणि भुसावळ पॅसेंजर

सन १९९४. गणपती विसर्जन होऊन जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. त्या पावसाळ्यात तापीला पूर येऊन गेला होता आणि सखल वस्त्यांमधला गाळ अजून पुरता उपसला गेला नव्हता. अशात सप्टेंबरच्या २१-२२ तारखेला शहरभर एकच शब्द फिरला: प्लेग. सुरुवातीचे बरेच रुग्ण वेड रोडच्या बाजूचे. तिकडे यंत्रमागावर काम करणारी आपली खानदेशी मंडळी पुष्कळ, त्यामुळे ही बातमी आपल्याला परक्याची वाटलीच नाही.

आम्ही तेव्हा शाळकरी होतो. शाळा, थिएटरे, हिऱ्याचे कारखाने बंद. ज्याच्या-त्याच्या तोंडाला रुमाल. मेडिकलमधून टेट्रासायक्लिन बघता बघता नाहीसे झाले. ज्यांना ताप नव्हता त्यांनीही खिशात कॅप्सूल भरून ठेवल्या. आणि माणसे गावाकडे निघाली. काही लाख लोकांनी शहर सोडले. भुसावळकडे जाणाऱ्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नव्हती.

हा फुप्फुसाचा प्लेग. तो खोकल्यावाटे पसरतो. म्हणजे कोंबलेल्या डब्यातून जाणे हे काळजी घेण्याच्या नेमके उलट होते. पण दोष कोणाला द्यायचा? अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली होती. डॉक्टरच निघाले तर मजुराने कोणाच्या भरवशावर थांबायचे?

गावी पोहोचल्यावर मात्र निराळाच अनुभव आला. आपल्यापैकी कित्येकांना जुन्या माणसांनी घरात न घेता आठवडाभर शेतातल्या झोपडीत ठेवले. ताट बांधावर ठेवायचे आणि मागे सरायचे. त्या वेळी फार राग आला होता. सख्खी आजी नातवाला जवळ घेईना! पण तो धडा म्हाताऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आला होता. जुन्या प्लेगात उंदीर पडू लागले की सारे गाव घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहायचे. रोगाची माणसे अलग ठेवायची रीत त्यांना कोणी परिपत्रक काढून शिकवली नव्हती.

परिपत्रकाने आणि फौजेने शिकवायला गेले की काय होते, ते १८९७ मध्ये पुण्याने पाहिले. रँडच्या कारभारात गोरे सोल्जर घरात घुसून तपासणी करू लागले, तेव्हा लोक रोगी लपवू लागले. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना १० मार्चला प्लेगनेच गेल्या. लोकांनी बाईंच्या दवाखान्यात यावे आणि सरकारी माणसापासून पळावे, यात नवल नाही. आम्ही स्वतः सरकारी नोकरीत आहोत, तरी हे लिहितो.

सुरतेत १९९४ ला पन्नासच्या आसपास माणसे दगावली. पुढच्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी खुर्चीवरून उठवून गल्लीत उभे केले, रात्री रस्ते झाडायला लावले, घाण करणाऱ्या हॉटेलांना दंड ठोकला. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत दुसरी गणली गेली. आधी कुरकुर झालीच. पण गटार खरोखर साफ झालेली दिसल्यावर लोक आपणहून कचरा डब्यात टाकू लागले. २००६ च्या महापुरात निम्म्याहून अधिक शहर पाण्याखाली गेले, तरी मागून मोठी साथ आली नाही.

मग २०२०. सार्वजनिक गणपतीला परवानगी नव्हती. मंडपाच्या जागी नुसता रस्ता. घरोघरी वीतभर मूर्ती, आरती मोबाईलवर, विसर्जन बादलीत. या वेळी मात्र तोंडाला मास्क लावताना कोणाला फारसे सांगावे लागले नाही, निदान आपल्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना तरी. एका घरात तर आजींनी गोधडीच्या पेटीतून १९९४ ची टेट्रासायक्लिनची पट्टी काढून दाखवली. मुदत कधीच संपलेली. तरी त्यांनी ती पुन्हा कागदात गुंडाळून पेटीतच ठेवली.