चित्रपटांचे घरगुती पुनःप्रकाशन

चित्रपटगृहात पूर्वी प्रदर्शित झालेला चित्रपट घरी पाहण्यासाठी चित्रफीत वा तबकडी या स्वरूपात पुन्हा प्रसिद्ध करणे, यास चित्रपटाचे घरगुती पुनःप्रकाशन म्हणतात. एकाच चित्रपटाची अशी अनेक पुनःप्रकाशने होतात व त्यांतील चित्र आणि ध्वनी यांच्या दर्जात पुष्कळ तफावत आढळते. ही तफावत काही अंशी माध्यमाच्या क्षमतेमुळे, परंतु मुख्यतः ज्या फिल्मवरून प्रत तयार केली जाते तिच्या अवस्थेमुळे पडते.

माध्यमांचा विकास : बीटामॅक्स (१९७५) व व्हीएचएस (१९७६) या जपानी चित्रफितींनी चित्रपट घरोघरी पोहोचविले. व्हीएचएस फितीवर आडव्या दिशेने सु. २४० रेषांइतकाच तपशील उमटे. अमेरिकेत १९७८ साली विक्रीस आलेल्या लेसर तबकडीत तो सु. ४०० रेषांपर्यंत वाढला. त्यानंतर डीव्हीडी (१९९६) व ब्लू-रे (२००६) या तबकड्या आल्या. ब्लू-रेवरील प्रत्येक चित्र १,९२० × १,०८० चित्रबिंदूंचे असते. ३५ मिमी. च्या चांगल्या निगेटिव्हमध्ये याहूनही अधिक तपशील असू शकतो. म्हणूनच जुन्या चित्रपटांनाही नव्या माध्यमाचा लाभ होतो.

ध्वनीच्या बाबतीत वेगाचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. चित्रपट सेकंदाला २४ चित्रे या वेगाने चालतो, तर भारतात व युरोपातील बहुतेक देशांत रूढ झालेल्या पाल दूरचित्रवाणी पद्धतीत हा वेग २५ चित्रांचा होता. त्यामुळे पाल पद्धतीच्या फितींवर व डीव्हीडींवर चित्रपट सामान्यतः सु. ४ टक्के अधिक वेगाने चाले. दोन तासांचा चित्रपट जवळजवळ पाच मिनिटे आधी संपे आणि संगीताची पट्टी अर्धस्वराहून किंचित कमी इतकी चढे. ब्लू-रेवर मूळ वेग राखता येऊ लागल्याने हा दोष टळला.

अपू-चित्रत्रयीचे उदाहरण : सत्यजित राय यांच्या पथेर पांचाली (१९५५), अपराजितो (१९५६) व अपूर संसार (१९५९) या बंगाली चित्रपटांच्या इतिहासात मूळ सामग्रीचे महत्त्व स्पष्ट दिसते. छायालेखक सुब्रत मित्र यांनी अपराजितोमधील बनारसच्या घराच्या देखाव्यावर पांढरे कापड ताणून त्यावरून परावर्तित झालेला सौम्य प्रकाश वापरला. अशा चित्रणाचे सौंदर्य करड्या रंगाच्या सूक्ष्म छटांत असते. झिजलेल्या प्रतीवरून काढलेल्या फितीत याच छटा प्रथम लोपतात.

जुलै १९९३ मध्ये लंडन येथील हेंडरसन प्रयोगशाळेस आग लागली व तेथे ठेवलेल्या या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. उरलेले अवशेष अमेरिकेतील अकादमी फिल्म आर्काइव्हने जपून ठेवले. पुढे क्रायटेरियन कलेक्शन या प्रकाशनसंस्थेच्या पुढाकाराने इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत ठिसूळ झालेल्या फिल्मला द्रावणाने पुन्हा लवचिकपणा आणण्यात आला व तुटलेली छिद्रे हाताने दुरुस्त करण्यात आली. पथेर पांचालीच्या निगेटिव्हचा सु. ४० टक्के व अपराजितोच्या निगेटिव्हचा ६० टक्क्यांहून अधिक भाग उपयोगी पडला. उर्वरित भागासाठी निरनिराळ्या संग्रहालयांतील दुय्यम निगेटिव्ह व सूक्ष्मकणी प्रती वापरण्यात आल्या. अपूर संसार मात्र पूर्णतः अशा सामग्रीवरूनच सिद्ध करावा लागला. या आवृत्त्या मे २०१५ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रथम दाखविण्यात आल्या व त्याच वर्षी ब्लू-रेवर प्रसिद्ध झाल्या.

मूल्यमापन : अधिक स्वच्छ प्रत ही अधिक विश्वसनीय असतेच, असे नाही. ओरखडे व धूळ हे कालांतराने आलेले दोष होत. चित्रातील कण हा मात्र फिल्मचाच गुण आहे. संगणकाने तो सर्वस्वी पुसल्यास चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात. त्याचप्रमाणे ध्वनिपट्टावरील खरखर अतिरिक्त प्रमाणात काढल्यास तिच्याबरोबर वाद्यांचे उच्च स्वनही नष्ट होतात. म्हणून पुनःप्रकाशनांची तुलना करताना तीक्ष्णता व झळाळी यांपेक्षा मूळ प्रदर्शनाशी असलेली जवळीक हा निकष अधिक योग्य होय. माध्यमाची क्षमता पुढेही वाढत जाईल. परंतु आगीत नष्ट झालेल्या निगेटिव्हमधील तपशील कोणतीही भावी तबकडी परत आणू शकणार नाही.