मेजावरचे भूमिका-खेळ : एका छंदाचा देशोदेशीचा प्रवास

आपण एका फसलेल्या डावापासून सुरुवात करू. १९६९ साली अमेरिकेतील मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली याने मित्रांसाठी नेपोलियनकालीन युद्धखेळ मांडला. लढाईपूर्वी ब्राउनश्टाइन या काल्पनिक गावातील एकेक व्यक्ती त्याने प्रत्येकाला वाटून दिली. खेळाडू त्या भूमिकांत इतके रमले की लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीला वाटले, डाव वाया गेला. मित्र मात्र म्हणाले, पुन्हा खेळू या.

हा प्रसंग इतिहासाच्या दृष्टीने का महत्त्वाचा, हे नीट समजून घ्या. सारीपाटात किंवा बुद्धिबळात आपण सोंगट्या हलवतो. येथे खेळाडू स्वतःच सोंगटी होतो. ‘मी दार उघडतो’ असे तोंडाने सांगायचे, आणि दारापलीकडे काय आहे ते पंचाने ठरवायचे. पंचाची ही कल्पना जुनीच. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी ‘क्रीगश्पील’ खेळला जाई, त्यातही पंच असे. नवीन होती ती जिंकण्या-हरण्यापासूनची सुटका.

वेस्लीच्या डावातील एक खेळाडू डेव्ह आर्नेसन. त्याने हीच रीत किल्ले, भुयारे आणि राक्षसांच्या जगात नेली. गॅरी गायगॅक्स याच्यासोबत त्याने केलेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिली आवृत्ती अवघ्या १००० प्रतींची. खेळाचा खरा जनक कोण, यावरून १९७९ मध्ये आर्नेसन न्यायालयात गेला. माझ्या मते अशा खेळाला एकच जनक शोधणे मुळातच चुकीचे आहे, पण मानधनाचा प्रश्न निघाला की न्यायालयाला नाव लागतेच.

आता परीक्षेच्या दृष्टीने नव्हे, पण विचारासाठी एक प्रश्न : हा खेळ इतर देशांत अनुवादाने पोहोचला की अनुकरणाने? उत्तर देशागणिक बदलते. स्वीडनमध्ये १९८२ साली ‘द्राकार ओक डेमोनेर’ आला, तो दुसऱ्या एका अमेरिकी नियमसंचावर उभारलेला. जर्मनीत श्मिट श्पीले या खेळणी-कंपनीचा अमेरिकी प्रकाशकाशी करार जमला नाही, म्हणून तिने उलरिच कीझोव याच्याकडून स्वतंत्र खेळ लिहून घेतला. तो १९८४ चा ‘दास श्वार्त्से आउगे’, म्हणजे काळा डोळा. खेळण्यांच्या दुकानांतून तो घराघरांत गेला आणि जर्मनीत मूळ अमेरिकी खेळापेक्षा लोकप्रिय ठरला.

जपानची कथा आणखी वेगळी. तेथे लोकांनी हा खेळ आधी वाचला, मग खेळला. १९८६ पासून ‘कॉम्प्टिक’ मासिकात एका डावातील संभाषण संवादरूपाने क्रमशः छापले गेले. अशा लेखनाला तेथे ‘रिप्ले’ म्हणतात. त्यातूनच ‘रोडोस बेटाची युद्धगाथा’ या कादंबऱ्या आणि पुढे ॲनिमे मालिका निघाली. १९८९ चा ‘सोर्ड वर्ल्ड’ तर खिशात मावणाऱ्या स्वस्त पुस्तकाच्या रूपात आला. त्याला फक्त नेहमीचे सहा बाजूंचे फासे पुरत. अमेरिकी खेळाला लागणारे वीस बाजूंचे फासे शोधत फिरण्याची गरज नव्हती. महाग डबा आणि दुर्मिळ फासे हे दोन्ही अडसर एकदम गेले. पुढे इंटरनेटवर डावांच्या चित्रफिती आल्या तेव्हा ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ हा १९८१ चा अमेरिकी भयखेळ जपानी तरुणांत कमालीचा लोकप्रिय झाला.

तुम्हाला खेळून पाहायचे असल्यास चार-पाच मित्र, कागद, पेन्सिल आणि मोकळी संध्याकाळ पुरते. एकाने पंच व्हावे. नियम सगळ्यांना पाठ असण्याची गरज नाही. जानेवारी २०२३ मध्ये खेळाडूंच्या तीव्र विरोधानंतर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालक कंपनीने पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले केले. श्रेयनिर्देश करून त्यांचे भाषांतर कोणालाही करता येते, मराठीत, तमिळमध्ये किंवा तुमच्या वसतिगृहात बोलल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत.