चोवीसशेची कुळकथा

गरीब कोण, हे ठरवायला सरकारने 30 वर्षं एकच माप वापरलं: खेड्यात माणशी रोज 2400 कॅलरी, शहरात 2100. पवन मावळात किंवा नाणे मावळात आवणीला निघालेल्या एखाद्या बाईला हे ऐकवलं, तर ती साहजिकच विचारेल, ‘‘माणशी म्हणजे कुणाला, भाऊ? मला, सासूबाईंना का पाळण्यातल्या पोराला?’’ सर्वेक्षणाचे कागद घेऊन फिरणाऱ्याकडे याचं सरळ उत्तर नसतं. त्यासाठी त्या आकड्याची कुळीच काढावी लागते.

मागे जात गेलं की वाट 1877 सालात येऊन पोहोचते. घाटमाथ्यावरच्या मावळाला पावसाची ददात नसते, पण पूर्वेचा दख्खन करपला होता. खंडाळ्याचा घाट रेल्वेने 1863 मध्येच ओलांडला होता. धान्य आणायला वाट होती, वाटायला हात आखडता होता. दुष्काळी कामांवरचा खर्च आवरण्यासाठी व्हाइसरॉय लिटन यांनी सर रिचर्ड टेंपल यांना धाडलं आणि साहेबांनी मजुरी ठरवली: दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य आणि वर एक आणा, बायकापोरांना त्याहून कमी. एक पौंड तांदूळ म्हणजे आजच्या हिशेबाने जेमतेम सोळाशे कॅलरी. डाळ, मीठ, सरपण सगळं त्या एका आण्यात बसवायचं, तेही दुष्काळातल्या भावाने. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडून संप केले आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने सरकारशी भांडली. तिकडे मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश म्हणत होते की कष्टाच्या माणसाला किमान दीड पौंड धान्य लागतं, शिवाय डाळ आणि भाजी. शेवटी मार्चमध्ये मद्रास सरकारने सवा पौंड धान्य आणि दीड औंस डाळ मंजूर केली. हा सवा पौंड कुठल्या प्रयोगशाळेतून आला नव्हता. बाजारात भाजीवालीशी होते तशी घासाघीस होऊन तो ठरला होता. पुढच्या शंभर वर्षांत उपकरणं आली, तक्ते आले, पण ही घासाघीस काही सुटली नाही.

उपकरणांचं थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ॲटवॉटर यांनी 1890 च्या दशकात माणसाला बंद खोलीत ठेवून त्याच्या अंगातून निघणारी उष्णता मोजली. एक ग्रॅम पिठूळ अन्नाला किंवा प्रथिनाला 4 कॅलरी आणि स्निग्धाला 9, हा पाकिटांवरचा हिशेब तिथला. आपल्याकडे निलगिरीतल्या कुन्नूरला मॅकॅरिसन यांनी उंदरांना प्रांतोप्रांतीचं जेवण घातलं. शीख जेवणावरचे उंदीर सर्वांत धष्टपुष्ट निघाले, त्यानंतर पठाणी आणि मराठी जेवण तिसरं आलं. आपल्या भाकरी-कालवणाची परीक्षा उंदरांनी दिली आणि नंबर बरा आला, एवढीच त्यातली गंमत. 1937 मध्ये त्याच प्रयोगशाळेतून ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. आजचे आपले तक्ते तिचेच वंशज.

त्या तक्त्यांना पैसे जोडले ते पुण्याने. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये गरिबीवरचा आपला प्रसिद्ध अभ्यास छापला. माणशी 2250 कॅलरी पोटात पडायला महिन्याला किती खर्च होतो, हे त्यांनी काढलं. 1960-61 च्या भावाने ते खेड्यात 15 रुपये निघाले, शहरात साडेबावीस. 1979 मध्ये नियोजन आयोगाच्या गटाने हीच रीत उचलली. वय, लिंग आणि काम पाहून प्रत्येकाची गरज धरायची आणि मग खेड्यातल्या सगळ्या लोकसंख्येची सरासरी काढायची. ती आली 2435. गोल करून झाली 2400. 1973-74 च्या भावाने तिची किंमत महिन्याला 49 रुपये 9 पैसे. म्हणजे त्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर असं: हे 2400 तुझे नाहीत, सासूबाईंचे नाहीत, पोराचेही नाहीत. सगळ्यांना मिळून धरलेल्या एका माणसाचे आहेत आणि तो माणूस गावात राहत नाही.

आता हा आकडा खाचरात नेऊन बघा. आषाढात पाऊस धो धो कोसळत असतो. बायका सकाळी लवकर तांदळाची भाकरी आणि चटणी खाऊन निघतात. कुणी इरलं घेतं, बहुतेकजणी आता प्लास्टिकचा कागद डोक्यावरून पांघरतात. पोटरीभर चिखलात कमरेत वाकून रोपं उपटायची, मुळांचा चिखल धुऊन मुठी बांधायच्या, चिखलणी झालेल्या खाचरात त्या फेकायच्या आणि मग मागे मागे सरकत रोपं टोचत जायचं. शेजारीण खाडा करते तेव्हा तिच्या वाटची ओळही आपली ती प्रश्न विचारणारी बाईच लावते. महिना-सव्वा महिना असं चालतं. मग गौरी-गणपती, मग कापणी, मग झोडणी आणि उन्हाळ्यात बराचसा निवांतपणा. तक्त्यात तिच्यासाठी बैठं, मध्यम आणि जड असे तीन रकाने आहेत. ती वर्षभरात तिन्हींतून फिरून येते. जेवणही तसंच फिरतं: श्रावणात उपास, भाद्रपदात पुरणपोळी, लग्नसराईत पंगती.

या हलत्या माणसाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. साताऱ्याकडच्या बुध गावचा हा माणूस लंडनला संख्याशास्त्र शिकला. 1951 पासून रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचा संख्याशास्त्र विभाग त्यांनी चालवला. जगात भुकेले किती, ही मोजदाद त्यांच्याच खात्यात व्हायची. 1971 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. पुण्यात परतल्यावर मात्र त्यांनी आपल्याच क्षेत्राच्या पायाला हात घातला. शेल्डन मार्गेन यांच्याबरोबर त्यांनी मांडलं की तोच माणूस, तेच काम, तेच वजन, तरी त्याचं खाणं रोज आणि आठवड्या-आठवड्याला कमीजास्त होतं. शरीर काही मर्यादेत जमवून घेतं. तेव्हा सरासरीखाली जो खातो तो उपाशी, असं म्हणता येत नाही. उपासमारीची रेघ सरासरीवर मारू नका, तिच्याखाली दोन प्रमाणित विचलनं सोडून मारा. तशी मारली की गरिबांची संख्या धाडकन खाली येते.

1981 च्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये दांडेकरांनी खरपूस उत्तर दिलं आणि सुखात्म्यांनी प्रत्युत्तर. दोघांच्याही पुण्यातल्या संस्था डेक्कन परिसरात, एकमेकींपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर, आणि वाद रंगला मुंबईच्या साप्ताहिकात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची धुरा वाहिलेले सी. गोपालन तर आणखी कडक बोलले: शरीर जमवून घेतं ते फुकट नाही, त्याची किंमत खुरटलेल्या मुलांमध्ये दिसते. त्याच सुमारास डेव्हिड सेकलर या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने ‘लहानखुरे पण निरोगी’ असा सिद्धान्त काढला, तेव्हा खुरटेपणालाच निरोगी म्हटलं जाईल, ही गोपालन यांची भीती खरी ठरली.

माझं मत विचाराल तर माणसाबद्दल सुखात्मे बरोबर होते आणि सरकारबद्दल दांडेकर-गोपालन. शरीराची लवचीकता खरी आहे, पण ती बजेटवाल्याच्या हाती पडली की पुन्हा टेंपलसाहेबाचा एक पौंड होते. सुखात्मे अखेरपर्यंत शुद्ध पाण्याचा आग्रह धरत होते, कारण आतड्यात जंत आणि जुलाब असतील तर पोटात गेलेलं अंगी लागत नाही. तो भाग कुणी फारसा उचलला नाही, कारण त्याला पैसे लागतात.

पुढे 2009 मध्ये सुरेश तेंडुलकर समितीने कॅलरीचा खुंटाच सोडला. 2014 मध्ये रंगराजन समितीने तो खेड्यात 2155 आणि शहरात 2090 असा पुन्हा ठोकला. तो अहवाल अधिकृतपणे लागू झाला नाही.

एका गोष्टीत मात्र सुखात्मे आणि गोपालन एकाच बाजूला होते. 1968 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनांचं संकट येऊ घातल्याचा इशारा दिला होता. या दोघांचं म्हणणं असं की आपल्याकडचा गरीब जेवण पुरत नाही म्हणून प्रथिनांत कमी पडतो. धान्य-डाळीचं जेवण पोटभर मिळालं, तर प्रथिनंही बहुधा मिळतातच. 1970 च्या दशकात जगानेही हे बऱ्याच अंशी मान्य केलं आणि लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये त्या सगळ्या प्रकाराला ‘फजिती’ म्हणणारा लेख छापून आला. 2024 मध्ये राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी स्नायू कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी घेऊ नका, असं सांगितलं. लोणावळ्यात हल्ली चिक्कीच्या बरणीशेजारी चकचकीत वेष्टनातले प्रोटीन बारही दिसतात. शेंगदाण्यात शंभर ग्रॅमला पंचवीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. चिक्कीवाल्याने ती कधी पाकिटावर मिरवली नाहीत आणि बारवाला चौपट भाव घेतो.